भट्टीचे माप

आपल्या संघाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी धान्याचे बाजार, करांचे बदलते नियम, वाहतुकीच्या अडचणी आणि विद्यार्थिनिधी यांविषयी जाणकारांचे लेख येत असतात. मजसारख्या मॅट्रिकपुढे न शिकलेल्या, आणि सारा जन्म गहू, ज्वारी व हरभऱ्याच्या थप्प्यांत घालविलेल्या घाऊक व्यापाऱ्याने यंदा भट्टीतील उष्णतेच्या मापाविषयी लिहावयास घ्यावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु बेळगावच्या आपल्या समाजातील किती घरांचे भांडवल गेल्या दोन पिढ्यांत रविवार पेठेतून निघून उद्यमबागेतील फौंड्र्यांत जाऊन बसले आहे, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या भाऊबंदांत करून पाहावा. कोणाचा मुलगा ओतकाम करतो, कोणाचा जावई ओतलेल्या मालाला उष्णता देऊन तयार करण्याच्या धंद्यात आहे, आणि ज्याचे असे कोणीच नाही त्याची रक्कम तरी अशा कारखान्यात व्याजाने लागलेली असते. ज्या दुकानात पैसा गुंतला त्या दुकानाचा काटा पाहण्याचा हक्क आपण कधी सोडीत नाही. मग ज्या भट्टीत पैसा गुंतला तिचे माप कधी न पाहणे, हे कोणत्या व्यवहारात बसते?

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. आपल्या कारखान्यांतून उष्णतामापनाची साधने नाहीत असे नव्हे; ती विपुल आहेत, त्यांवर लाल अक्षरांत आकडे झळकतात, आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्रेही लावलेली असतात. उणीव आहे ती तपासणीची. ही तपासणी भट्टीचे माप काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठविल्याने होत नाही, तर खात्रीचे प्रमाणमाप भट्टीच्या दारी नेऊन दोन्ही शेजारी शेजारी ठेविल्याने होते. आपल्या संघाने असे एक प्रमाणमाप विकत घ्यावे व ते चालविण्यास एक शिकलेला तरुण नेमावा, एवढीच माझी सूचना आहे. तिची कारणे मात्र थोडी विस्ताराने सांगावी लागतील.

प्रथम, भट्टीतील काही अंशांच्या फरकाने व्यापाराचे काय बिघडते ते पाहू. बिडाचा रस भट्टीतून साधारणपणे १४५० ते १५०० अंश सेल्सिअसला काढतात आणि साच्यात ओततेवेळी तो कामाच्या जाडीप्रमाणे १३५० ते १४०० अंशांच्या आसपास असावा लागतो. रस थंड असेल तर तो साच्याच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गोठतो व काम अपुरे निघते. अधिक उष्ण असेल तर वाळू कामास चिकटते, आत पोकळ्या राहतात आणि भट्टीचे अस्तर लवकर खाल्ले जाते. मॅग्नेशियम घालून जे चिवट बीड करतात त्याची तऱ्हा आणखी नाजूक आहे. मॅग्नेशियम सुमारे ११०० अंशांखालीच उकळते; म्हणून रस जितका अधिक तापलेला तितके ते धूर होऊन उडून जाते आणि महागाची भर वाया जाते. विजेचा हिशेबही सोपा आहे. एक टन रस आणखी १०० अंश तापविण्यास शास्त्राच्या हिशेबाने सुमारे २३ युनिट वीज लागते, व भट्टीचा तोटा धरला तर ३० युनिटांच्या पुढे जाते. मापाच्या चुकीमुळे ६० अंश जादा तापविणाऱ्या आणि दिवसाला १० टन ओतणाऱ्या कारखान्यात रोज सुमारे २०० युनिट वीज कोणाच्याही लक्षात न येता जाते. आपल्या दुकानातून रोज एक पोते असे नाहीसे झाले असते तर आपण रात्रभर झोपलो नसतो.

रस परीक्षेचे एक छोटे साधन बहुतेक फौंड्र्यांत असते. त्यात वाटीएवढ्या साच्यात थोडा रस ओततात आणि तो कोणत्या अंशावर गोठू लागतो यावरून त्यात कर्ब किती आहे ते ताडतात. मोठी चतुराईची युक्ती आहे. परंतु तेथे १० अंशांची चूक झाली की कर्बाच्या हिशेबात सुमारे एक दशांश टक्क्याची चूक होते. गव्हाच्या ओलाव्यात १२ टक्के आणि १४ टक्के यांमधील अंतर काय असते हे खरेदीच्या हंगामात ज्याने अनुभवले आहे, त्याला हा दशांश टक्का क्षुल्लक वाटणार नाही.

इतक्या मोठ्या उष्णतेचे माप करणे हे प्राचीन काळापासून माणसास अवघड गेले आहे. पाऱ्याचा तापमापक तेथे उपयोगी नाही, कारण पारा ३५७ अंशांनाच उकळतो. म्हणून लोहार, कुंभार व सोनार हे रंगावरून उष्णता ओळखीत: मंद लाल, जांभळट लाल, नारिंगी, पिवळा, शेवटी पांढरा. इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवूड याने १७८२ साली एक नवी रीत रॉयल सोसायटीपुढे मांडली. विशिष्ट मातीच्या छोट्या गोळ्या भट्टीत ठेवावयाच्या, आणि त्या किती आकसल्या हे पितळेच्या निमुळत्या खाचेत सरकवून पाहावयाचे. यामुळे त्याच्या स्वतःच्या भट्ट्यांचे काम सुधारले. परंतु आपल्या मापाचे सामान्य अंशांशी नाते जोडताना तो भलताच चुकला. बीड वितळण्याची उष्णता त्याने १७,००० अंश फॅरनहाइटच्याही वर लावली, जी वास्तविक २२०० च्या आतबाहेर असते. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. त्याचे माप एका मातीशी व एका माणसाच्या हाताशी बांधलेले होते, आणि दुसऱ्या गावच्या कोणास ते स्वतंत्रपणे पडताळता येत नव्हते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने येईपर्यंत आपल्याकडे गावोगावचा शेर वेगळा आणि पायली वेगळी असे. एका पेठेतील खरा माणूस दुसऱ्या पेठेत खोटा ठरे, ही कथा माझे वडील सांगत. वेजवूडचे माप त्या जुन्या शेरासारखे होते.

ही अडचण दूर झाली ती फ्रान्समध्ये. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापविले तर दुसऱ्या टोकांशी सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न होतो, हे तत्त्व झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्येच दाखविले होते. परंतु त्यावर भरवसा ठेवण्याजोगे साधन हेन्री ल शातेलिए याने १८८६ च्या सुमारास सिद्ध केले. त्याने एक तार शुद्ध प्लॅटिनमची व दुसरी दहा टक्के रोडियम मिसळलेल्या प्लॅटिनमची घेतली. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की त्याने आपल्या साधनावर खुणा करताना शुद्ध पदार्थांच्या वितळण्याउकळण्याच्या बिंदूंचा आधार घेतला; हे बिंदू पॅरिसमध्ये जे असतात तेच बेळगावात असतात. आज जगभर मान्य असलेल्या १९९० च्या प्रमाणश्रेणीत जस्ताचा गोठणबिंदू ४१९.५२७, अ‍ॅल्युमिनियमचा ६६०.३२३, चांदीचा ९६१.७८, सोन्याचा १०६४.१८ आणि तांब्याचा १०८४.६२ अंश सेल्सिअस असा ठरलेला आहे. सोन्याचांदीच्या पेढ्या चालविणाऱ्या आपल्या बांधवांस हे वाचून संतोष वाटेल, की ज्या धातूस आपण संपत्तीचे माप मानतो त्याच धातूने भट्टीचेही माप ठरते. यापुढच्या उष्णतेसाठी १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी धातू आणि कर्ब यांच्या मिश्रणांचे नवे स्थिर बिंदू सुचविले. त्यांतील कोबाल्ट-कर्बाचा बिंदू १३२४ अंशांजवळ व पॅलेडियम-कर्बाचा १४९२ अंशांजवळ आहे, म्हणजे नेमका आपल्या बिडाच्या रसाच्या टापूत. असो.

आता थर्मोकपल फसते कसे, ते पाहिले पाहिजे. कारखान्यात ज्यास थर्मोकपल म्हणतात ती हीच दोन तारांची जोडी होय. प्लॅटिनमची जोडी १००० अंशांना सुमारे ९.६ मिलिव्होल्ट देते. हा दाब विजेरीतील एका सेलच्या दीडशेव्या भागाइतका झाला. आणि एका अंशाच्या वाट्याला त्यातून मिलिव्होल्टचा जेमतेम शंभरावा भाग येतो. निकेलच्या मिश्रधातूंची स्वस्त जोडी, जिला के जातीची म्हणतात आणि जी आपल्याकडील उष्णतासंस्काराच्या बहुतेक भट्ट्यांत असते, ती याच उष्णतेला सुमारे ४१ मिलिव्होल्ट देते. इतक्या सूक्ष्म दाबावर ज्याचा सारा व्यवहार, तेथे ढिला स्क्रू, चुकीच्या जातीची केबल किंवा ओल शिरलेली जोडपेटी यांनी हिशेब बिघडावा यात नवल ते काय?

माझ्या पुतण्याच्या कारखान्यात जे घडले ते येथे सांगतो, कारण ते पुष्कळांकडे घडत असेल. त्याच्याकडे ओतलेली कामे ९०० अंशांना काही तास ठेवून हळूहळू निववण्याची एक भट्टी आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल परत येऊ लागला. कामे वाकलेली असत आणि त्यांवर जाड खपली धरलेली असे. पॅनेलवर तर सदैव ९०० दिसत होते, नोंदवहीत ९०० लिहिलेले होते, व मापाचे प्रमाणपत्रही ताजे होते. भट्टीवरील वृद्ध मेस्त्री मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होता, “धाकटे मालक, भट्टी बोर्डापेक्षा जास्त तापते आहे.” त्याचे कोणी ऐकले नाही. अखेर कोल्हापूरचा एक अनुभवी इंजिनिअर आपले स्वतःचे प्रमाण थर्मोकपल घेऊन आला व ते त्याने कारखान्याच्या थर्मोकपलाशेजारी आत सोडले. बोर्ड ९०० दाखवीत असता त्याचे माप ९४० दाखवीत होते.

कारण सापडले ते असे. भट्टीपासून पॅनेलपर्यंत जी विशिष्ट केबल जाते तिलाही धन व ऋण अशा दोन तारा असतात. दुरुस्तीच्या वेळी वायरमनने त्या पॅनेलपाशी उलट जोडल्या. भट्टी तापू लागताच आकडा चढण्याऐवजी उतरू लागला, तेव्हा चूक झाल्याचे त्याच्या लक्षात आले. परंतु पॅनेलपाशी पुन्हा हात घालण्याऐवजी त्याने भट्टीच्या टोकाशीही तारा उलटविल्या. आकडा निमूटपणे चढू लागला व सर्वांचे समाधान झाले. वास्तविक भट्टीच्या डोक्याशी ५५ अंश व पॅनेलपाशी ३५ अंश असे जे २० अंशांचे अंतर होते, ते केबलने मिळवावयाचे, ते ती आता वजा करू लागली होती. मिळवावयाचे २० गेले आणि वर २० वजा झाले, मिळून ४० अंशांचा तोटा. आपल्या रोजमेळात एखादी जमेची रक्कम नावे पडली तर तफावत दुप्पट येते, हे मुनिमाकडून शिकलेल्या आपल्यापैकी कोणासही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. या सगळ्या काळात थर्मोकपलाचे प्रमाणपत्र खोटे नव्हते. ते केवळ थर्मोकपलाचे होते, आणि दोष केबलीत होता.

दुसरा दोष अधिक कपटी आहे. के जातीच्या जोडीतील एका तारेत क्रोमियम असते. ८०० ते १०५० अंशांच्या टापूत आणि प्राणवायू अपुरा असलेल्या नळीत ते क्रोमियम आतल्या आत करपते, तार हिरवट पडते, आणि तिचा विद्युतदाब हळूहळू घटत जातो. दाब घटला की आकडा कमी दिसतो. आकडा कमी दिसला की भट्टी आपोआप अधिक तापविली जाते. वाचकांनी ध्यानात घ्यावे, की उलटलेली केबल आणि करपलेली तार या दोहोंनीही चूक एकाच बाजूस होते. लोखंडी वजनांचेही तसेच असते. झिजून ते हलके होते, कधी जड होत नाही. म्हणूनच अशा चुका दोन्ही बाजूंनी मिळून भागतील अशी आशा करणे व्यर्थ आहे. ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात या जोडीऐवजी निक्रोसिल व निसिल अशा नावांच्या तारांची एन जातीची जोडी तयार झाली, ती या रोगास पुष्कळ कमी बळी पडते. आपल्याकडे मात्र पुष्कळांची मागणी अजून सवयीने के जातीचीच असते. बदल करू इच्छिणाऱ्याने केबल व पॅनेलची मांडणीही त्याच जातीची करावी. नुसता थर्मोकपल बदलल्यास पहिल्यापेक्षा वाईट स्थिती होईल.

या ठिकाणी माझ्या सूचनेचे मर्म आहे. सामान्य समजूत अशी, की थर्मोकपलाचा दाब त्याच्या टोकाशी उत्पन्न होतो. तसे नाही. तो तारेच्या त्या भागात उत्पन्न होतो जेथे उष्णता बदलत जाते, म्हणजे जेथे तार भट्टीच्या भिंतीतून बाहेर येते. वर्षभर वापरलेल्या तारेचा बिघडलेला भाग एका विशिष्ट ठिकाणी असतो. असा जुना थर्मोकपल काढून प्रयोगशाळेत पाठविला, आणि तेथील छोट्या भट्टीत तो वेगळ्या खोलीपर्यंत घातला, तर बिघडलेला भाग सपाट उष्णतेत जातो व धडका भाग चढावर येतो. मग जे प्रमाणपत्र हाती पडते त्याचा आपल्या भट्टीतील वागणुकीशी फारसा संबंध राहत नाही. पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून सबंध पोते पास करण्यासारखे हे आहे. आपण पोत्यात नळी खुपसून मधला नमुना काढतो, कारण ओल आणि कीड तोंडाशी नसते. त्याचप्रमाणे थर्मोकपलाची परीक्षा तो जेथे, ज्या खोलीवर, ज्या केबलीसह आणि ज्या पॅनेलसह काम करतो तेथेच झाली पाहिजे. विमानांच्या भागांस उष्णतासंस्कार देणाऱ्यांसाठी जे एएमएस २७५० नावाचे प्रमाण आहे, आणि मोटारींच्या भागांसाठी जे सीक्यूआय-९ आहे, त्या दोहोंतही अशाच शेजारी ठेवून करावयाच्या परीक्षेची अट आहे. बेळगावपासून जवळच हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनविणारे विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे. तेथील काम आपल्या मुलांनी कधी तरी घ्यावे अशी इच्छा असेल, तर ही शिस्त आजपासून अंगी लागलेली बरी.

दुरून उष्णता पाहणारी यंत्रे आता पुष्कळ स्वस्त झाली आहेत. पिस्तुलासारखे यंत्र रोखावे आणि आकडा वाचावा, इतके ते सोपे दिसते. या विद्येचा पूर्वजही थोर आहे. बर्लिनच्या सरकारी मापनसंस्थेत तापलेल्या पोकळीतून येणाऱ्या प्रकाशाची जी सूक्ष्म मोजमापे झाली, त्यांतूनच १९०० साली माक्स प्लांक याचा जगप्रसिद्ध नियम निघाला. परंतु पोकळी वेगळी आणि उघडा रस वेगळा. स्वच्छ रसाचे पृष्ठ उष्णता कमी फेकते व त्यावरील मळी पुष्कळ अधिक फेकते. म्हणून यंत्रावर पदार्थाप्रमाणे खूण बदलावी लागते. आपल्या धान्याच्या ओलावामापकावर ज्वारीची खूण ठेवून गहू मोजला तर जे होईल तेच येथे होते. त्यात मध्ये धूर आला, काचेवर धूळ बसली, तर आकडा आणखी पडतो. ही यंत्रे टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. दोन रंगांची तुलना करणारी यंत्रे तर धुरळ्यातही बरे काम देतात. मात्र रसाची खात्री करावयाची ती त्यात बुडवून. त्यासाठी पुठ्ठ्याच्या नळीवर बसविलेले, एकदाच वापरावयाचे प्लॅटिनमचे टोक मिळते. ते मळी बाजूस सारून, अस्तरास न टेकविता, रसात पुरते बुडविले की काही सेकंदांत आकडा देते. पुष्कळ मालक या टोकांची काटकसर करतात व दहा भट्ट्यांत एकदाच बुडवितात. ज्या टोकाची किंमत एका परत आलेल्या कामापुढे काहीच नाही, त्यात कंजुषी करण्यास व्यापारी बुद्धी म्हणता येत नाही.

माझे काही मित्र म्हणतात, पूर्वीचे मेस्त्री नुसत्या डोळ्याने रस ओळखीत, त्यांचे काय बिघडले? त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, आणि वर सांगितलेल्या प्रसंगात बोर्डापेक्षा मेस्त्रीच खरा ठरला हे मी लपविले नाही. आम्ही जुने व्यापारीही दाणा दातांखाली फोडून त्याची ओल सांगतो. परंतु तोच रस भर दुपारच्या उजेडात मंद दिसतो आणि रात्री लखलखीत दिसतो. शिवाय डोळ्याने पाहिलेले वहीत चढत नाही. मेस्त्री निवृत्त झाला की त्याचे माप त्याच्यासह जाते. आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने तरी विसरू नये. भट्टीच्या प्रखर किरणांत वर्षानुवर्षे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास मोतीबिंदू लवकर होतो, हे काच फुंकणाऱ्या कारागिरांवरून वैद्यकास फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्या कामासाठी यंत्र आहे त्या कामासाठी माणसाचे डोळे जाळणे आपल्या आचारात बसत नाही. मेस्त्रीस हटवावयाचे नाही. खरे माप त्याच्या हाती द्यावयाचे आहे, म्हणजे बोर्ड खोटे बोलू लागले की ते सर्वांआधी तोच सांगेल, आणि या वेळी त्याचे ऐकले जाईल.

दुसरा आक्षेप असा, की हे काम सरकारचे आहे. दुकानातील वजनांस व काट्यांस ठरलेल्या मुदतीने वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, कारण तेथे गिऱ्हाईक फसण्याचा संभव असतो. कारखान्याच्या आतील भट्टीच्या मापास असा शिक्का मारावयास निरीक्षक येत नाही. तेथे फसणारा स्वतः मालकच असतो. तत्त्वार्थसूत्रात कमीअधिक मापे ठेवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार म्हणून सांगितला आहे, हे आपल्या पाठशाळेतील मुलांसही ठाऊक असते. भट्टीवाल्याच्या मनात चोरी नसते, म्हणून त्यास तो दोष लावता येणार नाही. पण ९४० अंशांस भाजलेला माल ९०० चा म्हणून प्रमाणपत्रासह विकला गेला, तर घेणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडतो, याचा विचार जाणत्यांनी करावा.

आता सूचनेचा तपशील. संघाच्या राखीव निधीतून पुढील वस्तू घ्याव्यात: प्लॅटिनम-रोडियमचे दोन प्रमाण थर्मोकपल, उत्तम शुद्ध अ‍ॅल्युमिनाच्या नळ्यांसह, एक अचूक वाचनयंत्र, आणि पॅनेलास कृत्रिम मिलिव्होल्ट देऊन तपासण्याचे एक छोटे यंत्र. नळी शुद्ध असण्याचा आग्रह यासाठी, की सिलिकॉन व धातूंच्या वाफांनी प्लॅटिनम दूषित होते. ही सामग्री कोणा एका फौंड्रीवाल्यास एकट्याने घेणे जड जाईल. वीस-पंचवीस जणांत ती सहज पेलते. यंत्रांचे शिक्षण घेतलेला एखादा होतकरू तरुण अर्धवेळ नेमून त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या भट्टीवर जावे, शेजारी माप ठेवून दोन्ही आकडे लिहावेत, आणि मालक व मेस्त्री या दोघांच्याही सह्या घ्याव्यात. निघालेली तफावत भट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. आजची तऱ्हा अशी आहे, की प्रमाणपत्रात “सहा अंश कमी दाखविते” असे स्पष्ट लिहिलेले असते, पण ते चौकटीत जाते आणि ते सहा अंश कोणी मिळवीत नाही.

प्रमाण थर्मोकपलांपैकी एक कामास वापरावा व दुसरा कपाटात बंद ठेवावा, आणि कपाटातला वर्षातून एकदा एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा, जिची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जोडलेली असते. मधल्या काळात सोन्याच्या तारेने घरच्या घरीही खात्री करता येईल: प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये शुद्ध सोन्याचा काही मिलिमीटर लांबीचा बारीक तुकडा पुलासारखा जोडतात आणि हळूहळू तापवितात, सोने वितळू लागले की आकडा क्षणभर स्थिर उभा राहतो, आणि मग पूल तुटतो. तो उभा राहिलेला आकडा १०६४ अंशांचा असला पाहिजे. सराफीतील आपल्या सभासदांपैकी कोणी एवढे शुद्ध सोने संघास दरसाल द्यावे, ही विनंती येथेच करून ठेवतो. त्यापूर्वी शुद्धतेची कसोटी त्यांनीच करावयाची आहे.

जे सभासद नवी भट्टी बांधणार असतील त्यांनी थर्मोकपलाच्या भोकाशेजारी दुसरे एक रिकामे भोक ठेवण्यास बांधणाऱ्यास आजच सांगावे. बांधतेवेळी त्यास खर्च जवळजवळ पडत नाही, मागाहून अस्तर फोडावे लागते. आणि ज्यांची रक्कम कारखान्यांत लागली आहे त्यांनी तिमाही साठ्याच्या यादीबरोबर या तपासणीची वहीही पाहावयास मागावी. मी स्वतः गेल्या दिवाळीपासून मागू लागलो आहे. प्रथम पुतण्यास थोडे चमत्कारिक वाटले, आता तो न मागता आणून दाखवितो.

एक शंका मात्र वार्षिक सभेत मिटली पाहिजे. संघाचे प्रमाणमाप “चार दिवसांसाठी द्या, आमचा थर्मोकपल जळाला आहे” असे म्हणून मागणारे सभासद निघतीलच, आणि भिडेस्तव ते द्यावेसे वाटेल. ते देऊ नये. रोजच्या कामास लावलेले प्रमाणमाप चार महिन्यांत प्रमाण राहत नाही. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे नसावी, चिटणीसांकडेही नसावी. ज्याची स्वतःची भट्टी नाही अशा एखाद्या धान्यवाल्याकडे किंवा कापडवाल्याकडे असावी.